स्कॅन संपल्यावरच मशीन बंद: एक छोटी स्क्रिप्ट आणि तिच्यातल्या खाचाखोचा

पूर्ण व्हायरस स्कॅनला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. ड्राइव्हवर लाखो फाइली असू शकतात. त्यातल्या कित्येक झिप किंवा इन्स्टॉलरसारख्या, म्हणजे एका फाइलीच्या पोटात शेकडो फाइली. अँटिव्हायरसला त्या उघडून आतलं सगळं बघावं लागतं. दिवसा हे काम लावलं की मशीन रेंगाळतं, म्हणून स्कॅन रात्रीवर ढकलला जातो. रात्री लावला तर तो मध्येच कधीतरी संपतो आणि मशीन सकाळपर्यंत उगाच चालू राहतं. म्हणून वाटतं, स्कॅन झाला की मशीननं आपलं आपण बंद व्हावं.

वरवर पाहता हे दोन ओळींचं काम आहे: पहिली ओळ स्कॅनची, दुसरी शटडाउनची. दोन्ही कमांड विंडोजमध्ये आधीपासून असतात, काही विकत घ्यावं लागत नाही. सगळा प्रश्न या दोन ओळींच्या मधल्या जागेचा आहे. स्कॅन खरोखर संपला का आणि संपताना त्यानं काय सांगितलं, हे स्क्रिप्टला, म्हणजे कमांड ओळीनं लिहिलेल्या फाइलीला, कळायला हवं. ते कळलं नाही तरी मशीन बंद होतंच, सकाळी सगळं ठीक दिसतं, आणि स्कॅन अर्धवट राहिल्याचा पत्ताही लागत नाही. अशी स्क्रिप्ट नसलेली बरी. स्क्रिप्ट नसेल तर निदान आपण स्कॅन केलेला नाही हे आपल्याला माहीत असतं.

एक सूचना आधीच देतो. इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमन वापरायचे. तिरप्या रेघा, डॅश आणि दुहेरी अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच; कमांडभोवतीची एकेरी अवतरणं टाइप करायची नाहीत.

घड्याळ लावून भागत नाही

सर्रास केला जाणारा उपाय असा: अँटिव्हायरसच्या खिडकीतून स्कॅन सुरू करायचा आणि मग कमांडच्या खिडकीत ही ओळ टाकून झोपायला जायचं.

शटडाउन /एस /टी १०८००

'/एस' म्हणजे मशीन पूर्ण बंद कर, '/टी' म्हणजे किती सेकंदांनी. १०८०० सेकंद म्हणजे तीन तास. गेल्या वेळी स्कॅनला अडीच तास लागले होते, म्हणून तीन पुरतील असा हिशोब.

तो पुरेलच असं नाही. मध्ये मोठी बॅकअप फाइल आलेली असते, एखादा बाहेरचा ड्राइव्ह जोडलेला राहतो, विंडोज स्वतःचं अपडेट उतरवायला घेतं आणि डिस्क त्यातच गुंतते. तीन तासांचा ठोका पडतो तेव्हा स्कॅन ऐंशी टक्क्यांवर असतो आणि मशीन बंद होतं. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, याची नोंद ठेवतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिफेंडरच्या 'ऑपरेशनल' लॉगात (नोंदवहीत) स्कॅन सुरू झाल्याची नोंद १००० क्रमांकाची, पूर्ण झाल्याची १००१ ची आणि पूर्ण होण्याआधीच थांबल्याची १००२ ची. वेळ लावून मशीन बंद करण्याची सवय असेल तर हा लॉग एकदा उघडून बघा. सुरुवातीच्या प्रत्येक १००० ला पुढे १००१ सापडते का, एवढंच तपासायचं.

कोण कोणासाठी थांबतं

बॅच फाइल ही साध्या मजकुराची फाइल. विंडोज तिच्यातल्या ओळी वरून खाली एकेक करून चालवतं. एका ओळीतला प्रोग्रॅम संपेपर्यंत पुढची ओळ सुरू होत नाही. म्हणजे स्कॅनच्या खाली शटडाउन लिहिलं की क्रम आपोआप सांभाळला जातो.

यात एक मोठी अट आहे. संपायला हवा तो प्रोग्रॅम स्वतः स्कॅन करणारा असला पाहिजे. काही अँटिव्हायरसमध्ये आपण सुरू करतो तो प्रोग्रॅम फक्त निरोप पोचवतो. मागे चालू असलेल्या सर्व्हिसला तो 'स्कॅन सुरू कर' असं सांगतो आणि लगेच स्वतः संपतो. बॅच फाइलच्या दृष्टीनं ती ओळ झाली. मग ती शटडाउनकडे वळते आणि स्कॅन सुरू होतो न होतो तोच मशीन बंद पडतं. 'स्टार्ट' कमांडला '/वेट' जोडूनही याचा इलाज होत नाही, कारण तीसुद्धा निरोप्याच्या संपण्याचीच वाट बघते.

तुमचा अँटिव्हायरस यातला कोणता, हे ओळखायला फार काही करावं लागत नाही. कमांडची खिडकी उघडा, स्कॅनची कमांड एकटीच चालवा आणि कर्सर परत कधी येतो ते बघा. स्कॅन चालू असेपर्यंत कर्सर अडकून राहिला तर उत्तम. दोन सेकंदांत परत आला आणि अँटिव्हायरसच्या खिडकीत मात्र स्कॅन चालू दिसतोय, तर ही कमांड आपल्या कामाची नाही. त्या अँटिव्हायरसच्या माहितीपुस्तिकेत स्कॅन संपेपर्यंत थांबणारा पर्याय शोधावा लागेल. काही अँटिव्हायरसमध्ये 'स्कॅननंतर संगणक बंद करा' अशी टिकची चौकट तयारच असते. ती असेल आणि तुम्हाला तेवढंच हवं असेल, तर स्क्रिप्टच्या भानगडीत पडायची गरज नाही.

डिफेंडरचं कमांडवरून चालणारं साधन स्कॅन होईपर्यंत थांबतं. त्याचं नाव एमपीसीएमडीरन.ईएक्सई. बहुतेक मशीनवर ते सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'विंडोज डिफेंडर' या फोल्डरमध्ये असतं. 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावात मधे जागा असल्यामुळे पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा लागतो, नाहीतर विंडोज जागेपाशीच नाव तोडतं आणि असा प्रोग्रॅमच नाही म्हणून सांगतं. मशीनवर दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर डिफेंडर सहसा बाजूला होतो. तेव्हा त्या दुसऱ्याचीच कमांड वापरायची.

मागे उरणारा आकडा

आता मधल्या जागेकडे येऊ. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. त्याला एक्झिट कोड म्हणतात. रूढ संकेत असा की शून्य म्हणजे काम नीट झालं आणि शून्याखेरीज काहीही म्हणजे काहीतरी सांगण्यासारखं आहे. विंडोजच्या बॅच फाइलीत हा आकडा '%एररलेव्हल%' या नावानं मिळतो.

डिफेंडरचं साधन दोन आकडे देतं: ० आणि २. इथे बारकाईनं वाचायला हवं. ० चा अर्थ 'काही सापडलं नाही' एवढाच नाही. 'सापडलं, पण साफ केलं आणि तुम्हाला आणखी काही करायला नको' यालाही तो ०च देतो. २ म्हणजे एकतर असं काही सापडलं जे त्याला साफ करता आलं नाही, किंवा पुढचं पाऊल तुम्ही उचलायला हवं, किंवा स्कॅन करतानाच अडचण आली. मशीनवर धोका शिल्लक असणं आणि स्कॅन धड न चालणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी इथे एकाच आकड्यात येतात.

म्हणजे ० आला म्हणून मशीन निर्मळ होतं असं नाही, आणि २ आला म्हणून व्हायरस आहेच असंही नाही. रात्री एखादा ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेला घातक प्रोग्रॅम, पकडून डिफेंडरनं तो अलग ठेवला असेल तर सकाळी मला ते कळायला हवं, कारण तो आला कुठून हा प्रश्न साफसफाईनंतरही उरतोच. त्यामुळे निव्वळ आकड्यावर विसंबून चालत नाही. आकड्यासोबत काय सापडलं त्याची यादीही लॉगमध्ये उतरवून घ्यायची. पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड-साधनातली 'गेट-एमपीथ्रेटडिटेक्शन' ही कमांड ती यादी देते.

ओळी जोडायला तीन चिन्हं आहेत आणि त्यांतला फरक इथे फार महत्त्वाचा. 'स्कॅन & शटडाउन' म्हणजे स्कॅनचं काहीही होवो, नंतर बंद कर. 'स्कॅन && शटडाउन' म्हणजे स्कॅननं शून्य दिला तरच बंद कर. 'स्कॅन || शटडाउन' म्हणजे शून्य दिला नाही तरच बंद कर; आपल्याला तसं क्वचितच हवं असतं. एका '&' चा फरक, पण त्यावर मशीन रात्रभर चालू राहणार की बंद होणार हे ठरतं.

स्क्रिप्ट, ओळीओळीनं

नोटपॅड उघडून ही फाइल लिहिता येते.

पहिली ओळ '@एको ऑफ'. तिच्यामुळे प्रत्येक कमांड पडद्यावर उमटत नाही. दुसऱ्या ओळीत लॉगफाइलीचा पत्ता एका नावात साठवायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. तिसरीत सुरुवातीची तारीख आणि वेळ लॉगात टाकायची. '%डेट%' आणि '%टाइम%' ही नावं विंडोज स्वतःच भरून देतं.

चौथ्या ओळीत आधी व्हायरसच्या खुणांची यादी ताजी करायची: एमपीसीएमडीरन.ईएक्सई -सिग्नेचरअपडेट (इथे आणि पाचव्या ओळीत नावाच्या जागी वर सांगितलेला पूर्ण पत्ता लिहायचा). जुन्या यादीनं केलेला स्कॅन नव्या व्हायरसला ओळखेलच असं नाही. इंटरनेट नसेल तर ही ओळ अपयशी ठरते, पण त्यासाठी पुढचा स्कॅन अडवू नये.

पाचवी ओळ मुख्य:

एमपीसीएमडीरन.ईएक्सई -स्कॅन -स्कॅनटाइप २

इथला २ म्हणजे पूर्ण स्कॅन. १ लिहिला तर झटपट स्कॅन होतो: विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या जागा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांचा साठा), व्हायरस नेहमी ठाण मांडतात ते फोल्डर. ३ म्हणजे तुम्ही सांगाल तेवढाच फोल्डर. हा २ आणि एक्झिट कोडातला २ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लगेच सहावी ओळ, मध्ये काहीही न घालता: %एररलेव्हल% मधला आकडा आपल्या एखाद्या नावात, समजा 'निकाल' मध्ये, उचलून ठेवायचा. ही घाई गरजेची आहे, कारण मध्ये दुसरा प्रोग्रॅम चालवला की त्याचा आकडा या जागी येतो आणि स्कॅनचा पुसला जातो.

मग निकाल लॉगात लिहायचा. इथे बॅच फाइलीची एक जुनी खोड आडवी येते. 'एको कोड %निकाल%>>लॉग' असं लिहिलं आणि निकाल २ निघाला, तर ओळ 'एको कोड २>>लॉग' अशी बनते. '>>' ला चिकटून आलेला एकटा अंक विंडोज मजकूर म्हणून वाचतच नाही. 'चुकांचे संदेश या फाइलीत वळव' असा त्याचा अर्थ घेतं. मग पडद्यावर नुसतं 'कोड' उमटतं आणि लॉगात काहीच जात नाही. नेमक्या हव्या असलेल्या आकड्यालाच हे होतं, आणि ० लाही होतं. उपाय सोपा: वळवण्याचं चिन्ह आणि फाइलीचं नाव ओळीच्या सुरुवातीला लिहायचं, एको त्याच्या नंतर.

त्याखाली पॉवरशेलची ती यादीची कमांड, तिचाही मजकूर याच लॉगात. सगळ्यात शेवटी:

शटडाउन /एस /टी ३०० /सी "स्कॅन झाला, पाच मिनिटांत मशीन बंद होईल"

'/सी' नंतरचा संदेश पडद्यावर दिसतो. तो ५१२ अक्षरांपर्यंत चालतो. त्या पाच मिनिटांत कोणी मशीनवर बसलेलं असेल तर 'शटडाउन /ए' लिहून बंद होणं रद्द करता येतं.

निकाल बघून वेगळं वागायचं असेल तर 'इफ' वापरायचं, पण जपून. 'इफ एररलेव्हल १' चा अर्थ 'आकडा १ असेल तर' असा नाही, '१ किंवा त्याहून मोठा असेल तर' असा आहे. त्याच न्यायानं 'इफ एररलेव्हल ०' ही अट शून्यालाही लागू होते आणि दोनालाही. साठवलेल्या निकालाची '%निकाल%==०' अशी थेट तुलना केली की हा घोटाळा होत नाही.

फाइल साठवताना दोन गोष्टी सांभाळा. नोटपॅड नावापुढे .टीएक्सटी लावतं, आणि विंडोज शेपटी लपवत असेल तर ते दिसतही नाही. साठवताना प्रकार 'सर्व फाइली' निवडून नाव.बॅट नं संपवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फाइलीला 'शटडाउन.बॅट' हे नाव देऊ नका. कमांड शोधताना विंडोज आधी चालू फोल्डरात बघतं. तिथे याच नावाची बॅच फाइल असली की शेवटच्या ओळीतली 'शटडाउन' ही कमांड खऱ्या शटडाउनपर्यंत पोचतच नाही, फाइल स्वतःलाच पुन्हा हाक मारते. स्कॅन संपतो, परत पहिल्यापासून सुरू होतो, आणि मशीन काही बंद होत नाही.

सापडलं तर बंद करायचं का?

याला एकच एक बरोबर उत्तर नाही, पण माझं मत पक्कं आहे. घरच्या मशीनवर निकाल काहीही असो, लॉग लिहून मशीन बंद करावं. साफ न झालेला व्हायरस अंगावर असलेलं मशीन, इंटरनेटला जोडलेलं आणि शेजारी कोणी नसलेलं, रात्रभर चालू ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. फाइली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरला तर तेवढा वेळ चिक्कार झाला. बंद मशीनवर निदान पुढचं नुकसान होत नाही. म्हणून '&&' चा मोह इथे टाळावा: त्यानं नेमकं धोक्याच्या रात्रीच मशीन जागं राहतं. निकाल शून्य नसेल तेव्हा लॉगखेरीज डेस्कटॉपवरही ठळक नावाची एक फाइल टाकावी, म्हणजे सकाळी ती नजरेतून सुटणार नाही.

ऑफिसच्या मशीनचं वेगळं. तिथे काही सापडलं तर मशीनच्या मेमरीत काय चालू होतं हे तपासणाऱ्यांना हवं असतं, आणि बंद केलं की मेमरीतलं सगळं जातं. अशा ठिकाणी मशीन नेटवर्कपासून तोडून चालू ठेवणंच बहुधा योग्य असतं. तो निर्णय तिथल्या आयटी विभागाचा. आपली स्क्रिप्ट त्यांना विचारल्याशिवाय लावू नये.

न साठवलेली फाइल, झोपणारं मशीन आणि परवानग्या

शटडाउनच्या कमांडमध्ये '/एफ' म्हणजे उघडे प्रोग्रॅम सक्तीनं बंद कर. ते लिहिलं नाही म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटू शकतं. तसं नाही. '/टी' पुढे शून्याहून मोठा आकडा असेल तर विंडोज '/एफ' गृहीतच धरतं. म्हणजे आपल्या ३०० सेकंदांच्या स्क्रिप्टनं अर्धवट लिहिलेलं, न साठवलेलं पत्र न विचारता जाईल. उलट '/टी ०' दिलं आणि '/एफ' दिलं नाही, तर 'साठवायचं का?' असं विचारणारा प्रोग्रॅम शटडाउन अडवून धरू शकतो आणि मशीन त्या प्रश्नाशीच रात्रभर थांबतं. दोन्हींतून वाट एकच: स्क्रिप्ट लावण्याआधी सगळं साठवून सगळे प्रोग्रॅम बंद करायचे.

झोपेचं तसंच. कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की ठरावीक मिनिटांनी विंडोज मशीन झोपवतं. स्कॅन चालू आहे म्हणून ते जागं राहीलच असं धरून चालू नका. मशीन झोपलं की स्कॅनही जागच्या जागी गोठतो आणि सकाळी तुम्ही माउस हलवला की तिथूनच पुढे चालू लागतो. मग तो भर कामाच्या वेळी संपतो आणि पाच मिनिटांत शटडाउनचा संदेश समोर येतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पॉवरसीएफजी /चेंज स्टँडबाय-टाइमआउट-एसी ०' ही ओळ घातली की वीज जोडलेली असताना मशीन झोपत नाही. शटडाउनच्या आधी तीच ओळ तुमच्या नेहमीच्या मिनिटांसह पुन्हा लिहायची, नाहीतर सेटिंग कायमचं बदलून बसतं. लॅपटॉपचं झाकण मिटून ठेवू नका. झाकणाचं सेटिंग वेगळं असतं, या ओळीचा त्यावर परिणाम होत नाही.

ही फाइल ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवावी लागते. दर आठवड्याला आपोआप चालायला हवी असेल तर टास्क शेड्युलर हा ठरल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम वापरायचा आणि त्यात 'सर्वोच्च अधिकारांसह चालवा' ही चौकट टिक करायची. शेड्युलरच्या काही अटी आधीपासूनच लागू असतात, त्या बघून घ्या: वीज जोडलेली असेल तरच काम सुरू करायचं, वीज जाऊन बॅटरीवर आलं की थांबवायचं, आणि तीन दिवसांहून जास्त चाललं तर बंद पाडायचं. लॅपटॉपवर पहिल्या दोन अटींमुळे काम गुपचूप राहून जातं. चार्जर लावायला विसरलात तर स्कॅन होणारच नाही, आणि शटडाउनही होणार नाही.

अधिकारांवरून एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. सर्वोच्च अधिकारानं चालणारी फाइल कोणीही बदलू शकेल अशा जागी असेल, तर आपण व्हायरसला दार उघडून देतो. साध्या खात्यातून शिरलेला प्रोग्रॅम त्या फाइलीत आपली एक ओळ घुसवतो, आणि पुढच्या रात्री शेड्युलर ती ओळ ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं चालवतं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, किंवा थेट सी ड्राइव्हवर केलेला नवा फोल्डर, या सगळ्या जागा इथे कच्च्या. 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या आत फोल्डर करून फाइल तिथे ठेवा; तिथे लिहायला मुळात ॲडमिनिस्ट्रेटरचेच अधिकार लागतात. लॉग दुसरीकडे असला तरी चालेल.

लिनक्सवर

तिथे क्लॅमएव्ही हा मुक्त स्रोत अँटिव्हायरस आहे, आणि त्याचे आकडे डिफेंडरपेक्षा स्पष्ट आहेत: ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे व्हायरस सापडला, २ म्हणजे स्कॅन करताना चूक झाली. कमांड 'क्लॅमस्कॅन'. '-आर' नं आतले सगळे फोल्डर तपासले जातात, '-आय' नं फक्त सापडलेल्या फाइली दाखवल्या जातात. निकालाचा आकडा '$?' मध्ये मिळतो. क्लॅमस्कॅन आपणहून काही पुसत नाही, फक्त सांगतो. पुसायला लावणारा '--रिमूव्ह' हा पर्याय स्क्रिप्टमध्ये घालू नये. अँटिव्हायरसची ओळख कधी कधी चुकते, आणि रात्री पुसलेली निर्दोष फाइल सकाळी परत आणता येत नाही. '--मूव्ह' देऊन संशयित फाइली वेगळ्या फोल्डरात हलवणं बरं, तेही फक्त होम फोल्डर तपासत असाल तर. पूर्ण सिस्टिम तपासताना '/प्रॉक' आणि '/सिस' वगळा. ते कर्नलनं दाखवलेले आभासी फोल्डर आहेत, त्यांत तपासण्यासारखं काही नसतं.

इथला नेहमीचा खड्डा 'सुडो'चा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं कमांड चालवायला तिच्याआधी लिहायच्या शब्दाचा. 'सुडो क्लॅमस्कॅन' आणि मग 'सुडो शटडाउन' असं लिहिलं तर पहिल्यांदा दिलेला पासवर्ड काही मिनिटंच लक्षात ठेवला जातो. चार तासांनी दुसरं सुडो पुन्हा पासवर्ड मागतं, उत्तर द्यायला कोणी नसतं आणि मशीन सकाळपर्यंत चालूच राहतं. त्यापेक्षा आत कुठेही सुडो न लिहिता पूर्ण स्क्रिप्टच एकदा सुडोनं चालवायची. शेवटी 'शटडाउन -एच +५', म्हणजे पाच मिनिटांनी बंद. रद्द करायला 'शटडाउन -सी'.

पहिल्या रात्रीआधीची चाचणी

नवी स्क्रिप्ट थेट रात्री लावू नका. दिवसा, तुम्ही समोर बसलेले असताना, स्कॅनटाइप २ च्या जागी १ लिहून चालवा. झटपट स्कॅन लवकर आटपतो आणि पाच मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली की 'शटडाउन /ए' नं ती रद्द करता येते. मग २ हा निकाल आल्यावर काय होतं ते तपासायचं. त्यासाठी व्हायरस शोधायला नको. स्कॅनची ओळ तात्पुरती काढून तिथे 'सीएमडी /सी एक्झिट २' लिहा. ही कमांड दुसरं काही न करता २ हा आकडा मागे ठेवते. लॉगात २ उमटला आणि डेस्कटॉपवर इशाऱ्याची फाइल आली, तर मधला जोड पक्का.

अँटिव्हायरस खरोखर पकडतो का हे बघायला आयकार नावाची चाचणी-फाइल आहे. ती ६८ अक्षरांची, संपूर्ण निरुपद्रवी. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवून ती व्हायरससारखी ओळखायची असा संकेत पाळला आहे. डिफेंडरचं सततचं संरक्षण चालू असेल तर ती साठवतानाच पकडली जाईल आणि स्कॅनपर्यंत पोचणारच नाही. ते चांगलंच लक्षण आहे, आणि 'गेट-एमपीथ्रेटडिटेक्शन'च्या यादीत तिचं नाव दिसायला हवं.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन नोंदी जोडीनं शोधा: डिफेंडरची १००१, आणि 'सिस्टिम' लॉगातली १०७४, जिच्यात मशीन कोणत्या प्रोग्रॅमनं बंद करायला लावलं ते लिहिलेलं असतं. १००१ ची वेळ आधीची, १०७४ ची पाठोपाठ. १०७४ नसेल आणि त्याऐवजी ६००८ असेल, तर मशीन नीट बंद झालं नव्हतं. वीज गेली असेल किंवा ते अडकलं असेल. तो स्कॅन झाला असं धरू नका, पुन्हा लावा.